फुटपाथला चाक घासलं: आधी टायर बघा, ओरखडा सगळ्यात शेवटी

‘खर्रर्र’ असा आवाज येतो, पोटात गोळा येतो आणि उतरून बघावं तर अलॉयच्या कडेवर हातभर पांढरा ओरखडा. गाडी नवीन असेल तर मग विचारायलाच नको. सगळ्यांची नजर त्या ओरखड्यावर खिळते, कारण तो समोर दिसतो. खरं तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात निरुपद्रवी तोच असतो. धोका लपतो टायरच्या बाजूच्या भिंतीत, रिमच्या आतल्या कडेत आणि स्टिअरिंगच्या सांध्यांत. उभ्या उभ्या तिथे नजर जात नाही. म्हणून या लेखातला क्रम नजरेच्या उलटा ठेवला आहे: आधी टायर, मग रिमचा आकार, मग स्टिअरिंग आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

यातलं बरंचसं मी स्वतःच्या हाताने केलं आहे, उरलेलं दुकानात उभं राहून करून घेतलं आहे. पायऱ्या १ ते ४ आजच्या आज उरका. पाचवीपासून पुढचं सवडीने केलं तरी चालतं; त्यातही एक अपवाद आहे, तो त्या त्या जागी सांगतो.

१. घासल्यावर पहिली दोन मिनिटं

चाक कडेला टेकलेलंच असेल तर गाडी पुढे रेटू नका आणि जागच्या जागी स्टिअरिंगही फिरवू नका. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की रिम दगडावर आणखी रगडली जाते. ज्या वळणाने आत आलात त्याच वळणाने, स्टिअरिंग तसंच धरून, अगदी हळू मागे या. गाडी मोकळी झाली की थांबा.

आता इंजिन बंद करा आणि चाकाजवळ कान न्या. हवेचा ‘स्स्स’ आवाज येत असेल तर तिथून हलायचं नाही, स्टेपनी लावायची. तुमची स्टेपनी बाकीच्या टायरपेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती पाळा. ते चाक जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतंच असतं, महिनाभर वापरायला नव्हे.

निघण्याआधी फोटो काढा. ओरखड्याचा जवळून एक, पूर्ण चाकाचा एक, नंबर प्लेटसकट गाडीचा एक आणि ज्या कडेला घासलं त्या कडेचा एक. विम्यासाठी उपयोग होतोच, पण त्याहून मोठा उपयोग नंतर होतो. पुढच्या आठवड्यात टायरवर काही दिसलं की ‘हे तेव्हाही होतं का?’ हा प्रश्न हमखास पडतो.

२. टायर: इथे घाई नको

टायरच्या ज्या भागावर गाडी धावते त्याच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत ते नसतात. तिथे रबराच्या आत पॉलिएस्टर किंवा रेयॉनसारख्या धाग्यांचा पातळ थर असतो. रेडियल टायरमध्ये हे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि हवेचा सगळा दाब तेच पेलतात. चाक कडेवर जोरात आदळलं की ही भिंत रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते. बाहेरचं रबर शाबूत राहतं, आतले धागे मात्र तुटतात. मग हवा त्या कमजोर जागेला बाहेर ढकलते आणि टायरला फुगा येतो.

फुगा दिसला की टायर बदलायचा. यात दुसरं मत घेण्याची गरज नाही. पंक्चरचं पॅच फक्त मधल्या धावत्या भागासाठी असतं. बाजूच्या भिंतीला ते लावत नाहीत, कारण तुटलेले धागे कशानेही जोडले जात नाहीत. ‘अजून थोडं चालेल’ म्हणणारा भेटेलच. असा टायर बहुधा वेगात असतानाच फुटतो, कारण तेव्हाच तो सगळ्यात जास्त तापलेला असतो.

तपासायचं कसं ते सांगतो. टायर गार असू द्या. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या चाकाची भिंत बाहेर येते. मोबाइलचा टॉर्च टायरला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. समोरून उजेड टाकला तर उंचवटे दिसत नाहीत, तिरक्या उजेडात त्यांची सावली पडते. मग तळहात भिंतीवरून सावकाश फिरवा. आतल्या बाजूची भिंत डोळ्यांना दिसत नाही. तिथे मोबाइल आत धरून व्हिडिओ काढा आणि मग बघा.

नवख्या माणसाला इथे एक गोष्ट हमखास घाबरवते. भिंतीवर कधी कधी वरून खाली जाणारा हलका खळगा दिसतो, म्हणजे आत दबलेली एक पट्टी. टायर बनवताना धाग्यांच्या थराची टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे हे होतं आणि त्यात काही वावगं नाही. आत दबलेलं चालतं, बाहेर आलेलं चालत नाही.

घासलेल्या रबराचं तसं नाही, तिथे थोडं बारकाईने बघावं लागतं. नुसती अक्षरं पुसट झाली असतील तर सोडून द्या. रिमला लागून असलेला रबराचा जाड कंगोरा सोलवटला असेल तरी हरकत नाही. बऱ्याच टायरना तो रिमच्या रक्षणासाठीच दिलेला असतो, म्हणजे त्याने आपलं काम केलं. पण रबराचा लचका निघून लोंबत असेल तर तो बोटाने अलगद उचला. आत धागे दिसले किंवा त्या जागी रबराखाली पोकळ लागलं, तर टायर बाद.

तुमच्या टायरची भिंत किती उंच आहे हेही एकदा मोजून ठेवा. टायरवर २०५/५५ आर १६ लिहिलं असेल तर रुंदी २०५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिलिमीटर. २२५/४० आर १८ असेल तर ती ९० मिलिमीटरच भरते. भिंत जेवढी बुटकी तेवढा धक्का थेट रिमवर. मोठी रिम आणि बुटका टायर घेतलेल्यांनी पुढची पायरी म्हणूनच जास्त लक्ष देऊन करावी.

आणि आठवड्याभराने टायर पुन्हा बघा. फुगा लगेच येतोच असं नाही. हवाही तेव्हाच मोजा. बाकीच्या चाकांपेक्षा या एकाच चाकाची हवा उतरत असेल तर ती कुठून तरी जातेय.

टायर बदलावाच लागला तर त्याच अक्षावरच्या दुसऱ्या टायरशी मापाने, जातीने आणि शिल्लक नक्षीने जुळणारा घ्या. दुसरा बराच झिजला असेल तर जोडीने बदला. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत याबाबत जास्त काटेकोर राहावं लागतं. गाडीच्या पुस्तिकेत त्याचा नियम दिलेला असतो. नवा म्हणून दिलेला टायर खरंच नवा आहे का हे भिंतीवरच्या डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळतं: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

३. रिम वाकली आहे का?

बहुतेक अलॉय रिम ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून ओततात आणि मग उष्णतेची प्रक्रिया करून कडक करतात. पोलादी रिम मार खाऊन वाकते. ओतीव अलॉय वाकते, पण एका हद्दीपलीकडे तडकते. वाकलेपणा आणि तडा या दोन्ही गोष्टी बाहेरच्या दिमाखदार बाजूपेक्षा आतल्या कडेवर जास्त सापडतात, कारण तिथे आऱ्यांचा आधार नसतो. नुसतं कडेकडेने घासलं असेल तर सहसा इथे काही निघत नाही. कड चढून ‘धप्प’ झालं असेल तर ही तपासणी टाळू नका.

घरी करायची चाचणी सोपी आहे. गाडी जॅकवर घ्या (जॅक लावायची पद्धत पायरी ७ मध्ये आहे). हाताने फिरवता येईल असं मोकळं चाक हवं. एका विटेवर पेन्सिल चिकटपट्टीने आडवी बसवा आणि तिचं टोक रिमच्या कडेपासून साधारण २ मिलिमीटरवर आणा. आता चाक सावकाश फिरवा आणि टोक व रिम यांच्यातली फट बघत राहा. फट जवळपास तेवढीच राहिली तर उत्तम. एका जागी टोक टेकतं आणि दुसरीकडे ठळक अंतर पडतं, असं झालं की रिम वाकली. एकदा पेन्सिल बाजूने लावून आणि एकदा खालून लावून बघा, कारण रिम दोन्ही दिशांनी वाकू शकते. फरक एक मिलिमीटरच्या वर वाटला तर मी स्वतः पुढे अंदाज बांधत बसत नाही. चाकाचा तोल तपासणाऱ्या बॅलन्सिंग यंत्रावर ते फिरवून बघायला सांगतो.

हवा जातेय का हे बघायला साबणाचं पाणी पुरतं. टायर आणि रिम जिथे भेटतात त्या रेषेवर, व्हॉल्व्हभोवती आणि आतल्या कडेवर ओता. बुडबुडे धरले तर कड वाकली आहे, तडा आहे किंवा व्हॉल्व्ह गळतोय. टायरची हवा दाखवणारा सेन्सर व्हॉल्व्हला जोडलेला असेल तर तोही दुखावलेला असू शकतो.

इथला मोठा सापळा असा की वाकलेली अलॉय रिम गॅसच्या ज्योतीने तापवून हातोड्याने सरळ करून देणारे भेटतात. दिसायला रिम सरळ होते, पण बेहिशेबी तापवल्याने कारखान्यात दिलेला कडकपणा निघून जातो आणि रिम त्या जागी कायमची कमजोर होते. तड्याला वेल्डिंग मारून देणारेही असतात. तडा गेलेली रिम, विशेषतः आऱ्याजवळ गेलेली, मी तरी गाडीला परत लावणार नाही.

४. स्टिअरिंग आणि सस्पेन्शन

मोकळा, सपाट, सरळ रस्ता निवडा. हात स्टिअरिंगवरून काढायचे नाहीत, पकड फक्त ढिली करायची. मग या गोष्टी बघा.

गाडी सरळ चालली असताना स्टिअरिंग तिरकं दिसतंय का? आधी सरळ होतं आणि आता तिरकं असेल तर टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) वाकल्याची किंवा चाकाचा कोन हलल्याची शंका घ्यावी. गाडी एका बाजूला ओढते का? हे ठरवताना सावध राहा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे उताराकडे हलकी ओढ कोणत्याही गाडीत जाणवते. वेग ८० ते १०० झाल्यावर थरथर येते का? स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढचं चाक, सीट थरथरली तर मागचं. यात सुटकेची शक्यताही असते: कडेला लागून रिमवरचं बॅलन्सिंगचं वजन उडालेलं असतं आणि तिथे चौकोनी स्वच्छ डाग दिसतो. तेवढंच असेल तर नव्या बॅलन्सिंगवर काम भागतं.

वेगाबरोबर वाढत जाणारा, वळणावर कमी-जास्त होणारा घुमल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग तपासून घ्या.

अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) गेलात तर नुसतं ‘करून टाका’ म्हणू नका. कामाच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागा. टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत) हा कोन जवळपास सगळ्या गाड्यांत फिरवून जुळवता येतो, त्यामुळे वाकलेला भाग तसाच ठेवूनही कागदावर टो हिरवा करून दाखवता येतो. खरी माहिती कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने बघताना चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा कल) या ओळींत असते. डाव्या आणि उजव्या चाकाचे आकडे शेजारी ठेवून बघा. घासलेल्या बाजूचा आकडा दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा असेल तर विचारा, ‘आर्म वाकलाय का? नकल तपासलं का?’ (आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, नकल म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग.) वाकलेला टाय रॉड किंवा आर्म ठोकून सरळ करत नाहीत, बदलतात.

५. आता ओरखडा: तुमची रिम कोणत्या जातीची?

पहिल्या चार पायऱ्यांत काही निघालं नसेल तर सुटलात. इथून पुढे प्रश्न फक्त दिसण्याचा.

आधी नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर बऱ्याचदा तो ओरखडा नसतोच. कडेचा रंग किंवा सिमेंट रिमला चिकटलेलं असतं. डांबर काढायचं द्रावण आणि थोडं रबिंग कंपाउंड लावून मऊ कापडाने पुसा. काम तिथेच संपण्याची बरीच शक्यता आहे.

नख अडकलं तर रिम ओळखा. सगळीकडे एकसारखा चंदेरी, राखाडी किंवा काळा रंग असेल तर रिम रंगवलेली आहे आणि घरी दुरुस्त होऊ शकते. पुढचा भाग चकचकीत धातूचा, त्यावर उजेडात बारीक गोल रेघा दिसतात आणि खाचा वेगळ्या रंगाच्या आहेत, तर ती डायमंड कट. ती घरी होत नाही. लेथवर धातूचा पातळ थर उतरवून नवा लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) मारावा लागतो आणि दर वेळी धातू कमी होत असल्याने हे एखाद-दोन वेळाच करता येतं. क्रोमलाही घरी हात लावू नका. पोलादी रिमवर प्लास्टिकचं कव्हर असेल तर चैन आहे, कव्हर बदला.

सुरुवातीला म्हटलेला अपवाद इथे येतो. लॅकर फुटून धातू उघडा पडला की त्या फुटलेल्या कडेतून ओल आत शिरते आणि लॅकरच्या खाली पांढऱ्या नागमोडी रेषा पसरत जातात, वाळवीने लाकडात कोराव्यात तशा. समुद्राजवळ किंवा रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी हे आणखी लवकर होतं. दुरुस्ती लांबणार असेल तर जागा धुऊन, पूर्ण वाळवून तिथे पारदर्शक लॅकरचा एक हात मारून ठेवा. डायमंड कट रिमला तर हे आधी करा.

६. लागणारं सामान

- जॅक, जॅक स्टँड, चाकाचा पाना, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच नट आवळता येणारा), चाकाला लावायच्या उटी (गाडी सरकू नये म्हणून लावायच्या पाचरी)
- गाडीचा शाम्पू, डिग्रीझर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड
- बारीक दाताची सपाट कानस
- पॉलिश पेपर: २४०, ४००, ८०० नंबर आणि एक छोटा ठोकळा
- धातूसाठीची दोन घटकांची पुट्टी
- मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, पत्त्यांचा जुना जोड
- ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर, रिमचा रंग, क्लिअर लॅकर (तिन्ही एकाच कंपनीचे घ्या, म्हणजे एकमेकांशी भांडत नाहीत)
- हातमोजे, चष्मा आणि रंगाच्या वाफेसाठीचा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही

रंगाबद्दल एक सूचना. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर छापलेला रंगाचा कोड बॉडीचा असतो, रिमचा नव्हे. रिमचा चंदेरी रंग वेगळा असतो आणि बाजारात चंदेरीच्या ढीगभर छटा मिळतात. डबा घेतल्यावर आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारा, लॅकर चढवा, वाळू द्या आणि मग उन्हात रिमशेजारी धरून बघा. ओल्या रंगाची तुलना करण्यात अर्थ नाही.

७. घरची दुरुस्ती, क्रमाने

*चाक काढणं.* जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढा, समोरच्या तिरप्या चाकाला उटी लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, मग जॅक लावा, तोही पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. जॅकवर नव्हे, स्टँडवर गाडी तोला. चाक न काढताही काम होतं, पण मग डिस्क आणि कॅलिपर नीट झाकावे लागतात. ब्रेकच्या डिस्कवर रंगाचा एक शिंतोडाही नको.

*धुणं.* हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळी दुरुस्ती यावरच टिकते. ब्रेकची काळी पूड आधी काढा. टायर चमकवायचं द्रव्य कधी लावलं असेल तर त्यातलं सिलिकॉन रिमवर पसरलेलं असतं; त्याच्यावर रंग बसत नाही, गोल खड्डे पडतात. म्हणून डिग्रीझर घासण्याच्या *आधी* लावा. नाही तर घासताना ते सिलिकॉन तुम्हीच ओरखड्यात कोंबता. धातू उघडा पडलाय तिथे आम्लाचे रिम क्लीनर वापरू नका, डाग पडतात.

*पत्ते लावणं.* टायर आणि रिम यांच्या फटीत पत्ते एकाला एक लागून, अर्धे बाहेर राहतील असे खोचत जा. टायरची हवा थोडी सोडली की ते सहज बसतात. मास्किंग टेपपेक्षा हे बरं, कारण रिमच्या अगदी काठापर्यंत रंग जातो आणि टायर कोरा राहतो. नंतर हवा भरायला विसरू नका.

*कानस.* ओरखड्याच्या काठावर धातूच्या बारीक धारा वर आलेल्या असतात. हात कापतात, म्हणून मोजे. त्या कानसेने रिमच्या गोलाईबरोबर घासून बसवा, आडव्या नाही. फक्त वर आलेलं काढायचं आहे. खड्डा नाहीसा होईपर्यंत धातू उतरवत बसायचं नाही. ड्रिलला पोलादी तारांचा ब्रश लावून काम झटपट होतं खरं, पण पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच गंजाचे ठिपके उठतात.

*पॉलिश पेपर.* २४० ने सुरुवात, मग ४००. पेपर ओला ठेवा, पाण्यात साबणाचा थेंब टाका. ॲल्युमिनियम कोरड्या पेपरला लगेच चिकटून बसतं आणि कोरडी भुकटी नाकात जाते ती वेगळीच. ओरखड्याच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जुना रंग उतरता करा. डोळे मिटून बोट फिरवा. जुना रंग कुठे संपला हे बोटाला कळलं, तर ते रंगवल्यावर डोळ्यालाही दिसणार.

*पुट्टी.* उथळ खाचेसाठी, एक-दोन मिलिमीटरपर्यंत. कडेचा तुकडाच उडाला असेल तर तो पुट्टीने उभा करू नका, टिकत नाही. पुट्टी थोडी जास्त चढवा, पूर्ण वाळू द्या, ४०० ने सपाट करा. मग अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटाने स्पर्श नाही.

*प्रायमर, रंग, लॅकर.* चाक आडवं ठेवा. डबा २० ते ३० सेंटिमीटरवर धरा, फवारा रिमच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच संपवा. प्रायमरचे दोन-तीन पातळ हात, वाळल्यावर ८०० चा हलका पेपर. मग रंगाचे पातळ हात. दोन हातांत किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. पहिल्या हातात खालचं प्रायमर दिसतंच. तेवढ्याने घाबरून जाड हात मारला की ओघळ आलाच. चंदेरी रंगात धातूचे कण असतात आणि फवारा किती लांबून मारला यावर छटा बदलते, म्हणून अंतर एकच ठेवा. शेवटी लॅकरचे दोन-तीन हात. दमट किंवा थंड हवेत लॅकर दुधाळ पडतो, तेव्हा तो दिवस सोडून द्या.

एका जागेबद्दल बजावून सांगतो. नट ज्या खोलगट जागी बसतो तिथे आणि रिमची जी पाठ हबला टेकते तिथे रंग जाऊ देऊ नका. दाबाखाली रंगाचा थर चिरडतो आणि घट्ट केलेले नट पुढे सैल होतात. चाक आडवं रंगवताना नटांच्या भोकांत कागदाचे बोळे घाला.

*परत लावणं.* निदान एक दिवस वाळू द्या. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळा, ओळीने नको. शेवटचा आवळ गाडी जमिनीवर उतरवून टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याएवढा. बऱ्याच गाड्यांत तो ९० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा बघूनच. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा. दाबाच्या पाण्याने धुणं काही आठवडे टाळा.

८. दुकानात द्यायचं असेल तर

विचारायचे प्रश्न मोजकेच. टायर उतरवून करणार की चढवलेलाच ठेवून? पूर्ण रिम रंगवायची तर टायर आणि व्हॉल्व्ह उतरायलाच हवेत. वाकलेपणा आधी तपासणार का? पावडर कोटिंग (पावडर फवारून भट्टीत भाजलेला रंग) असेल तर भट्टीचं तापमान किती? १८० ते २०० अंशांच्या आसपासचं उत्तर ऐकू यायला हवं; जुना रंग जाळून काढतो म्हणणाऱ्याकडून रिम परत आणा. काम झाल्यावर बॅलन्सिंग धरलं आहे का? आणि एकच रिम करताय तर उरलेल्या तीनशी रंग जुळेल का? चौघींत एक नवी नवरी दिसली तर ओरखडा परवडला असं होतं.

९. विमा आणि भाड्याची गाडी

नुसत्या ओरखड्यासाठी विम्याचा दावा करण्याआधी हिशेब मांडा. स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम आणि दावा न केल्याची जी सूट पुढे बुडेल ती, दोन्ही मिळून दुरुस्तीपेक्षा जास्त भरतात असं बऱ्याचदा निघतं. आर्म, टायर आणि रिम तिन्ही गेले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा पॉलिसीची प्रत, गाडीचे कागद, परवाना, घटनेचे फोटो, अलाइनमेंटचा आधीचा प्रिंटआउट आणि दुकानाचा लेखी अंदाज जवळ ठेवा. विमा कंपनीची तपासणी होण्याआधी गाडीचं काही उघडू नका.

भाड्याची गाडी घेताना चारही चाकांचे जवळून फोटो काढा आणि आधीचे ओरखडे कागदावर लिहून घ्या. तुमच्या हातून घासलं तर गुपचूप रंग मारायला जाऊ नका. करारात दुरुस्ती त्यांच्याच हातून करायची असं कलम सहसा असतं.

१०. पुन्हा घासू नये म्हणून

बरेच जण पुढच्या चाकाकडे लक्ष देतात आणि घासतं मागचं. वळताना मागचं आतलं चाक पुढच्याच्या वाटेने जात नाही, आतून जवळची वाट घेतं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.६ मीटर आहे आणि पुढचं आतलं चाक ५ मीटर त्रिज्येने वळतंय असं धरा. मागचं आतलं चाक तेव्हा साधारण ४.३ मीटर त्रिज्येने वळतं. म्हणजे ७० सेंटिमीटर आत! पार्किंगच्या गोल उतारावर, कोपऱ्यावरच्या वळणावर आणि अरुंद गेटमधून वळताना कडेपासून एवढी जागा मोकळी ठेवावी लागते. वळण उशिरा सुरू करा. पुढचं चाक कोपरा ओलांडून गेल्यावर स्टिअरिंग फिरवा.

कडेला समांतर गाडी लावताना त्या बाजूचा आरसा खाली झुकवा, इतका की मागचं चाक आणि कड दोन्ही दिसतील. काही गाड्यांत रिव्हर्स टाकला की तो आपोआप झुकतो; सेटिंगमध्ये बंद असेल तर चालू करा. कॅमेरा मागचं दाखवतो, बाजूची कड त्यात येत नाही. मागे येताना गाडीचं तोंड कडेकडे फिरतं, म्हणून शेवटच्या हातभर अंतरात नजर पुढच्या चाकाकडे न्या.

कड चढायचीच वेळ आली तर तिरकी, कडेला घासत चढू नका. शक्य तितकी सरळ समोरून, टायरची नक्षी दगडाला टेकवून, चालण्याच्या वेगाने चढवा. आणि चाक कडेला दाबलेलं ठेवून गाडी रात्रभर लावू नका. भिंत तितका वेळ चिमटलेली राहते.

रिमच्या काठावर चिकटवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. हलक्या घासण्यात त्या स्वतः फाटून रिम वाचवतात, जोरात लागलं तर काही उपयोग नाही. त्यांच्याखाली चिखल आणि ब्रेकची पूड साचते, म्हणून लावल्याच तर अधूनमधून कडा उचकटल्या आहेत का ते बघा. अर्धवट सुटलेली पट्टी वेगात चाकाबरोबर फिरू देण्यापेक्षा काढून टाका.